प्रतापरावांच्या फेऱ्या

मलकपेठच्या त्या घरात वरच्या मजल्यावर राहायला गेले आणि पहिल्याच पहाटे पावणेचारला खालची कडी वाजली. मग पावलं. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा, वळण, परत चौदा. मी पुण्याची, नोकरीसाठी तेलुगू मुलखात आलेली. पहाटेच्या झोपेत कुणी ढवळाढवळ केली की माझ्या डोक्यात तिडीक जाते आणि ती मी लपवत नाही. आठवडाभर सोसलं आणि रविवारी खाली जाऊन घरमालकांना, म्हणजे प्रतापराव देवणीकरांना, स्वच्छ सांगितलं की तुमच्या फेऱ्यांमुळे मला झोप मिळत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकतानाही या पायावरून त्या पायावर होत राहिले. मग म्हणाले की तुमच्या आंघोळीला काल बावीस मिनिटं लागली, परवा एकोणीस, आणि टाकी एकच आहे. त्यांच्या शर्टाच्या खिशातून स्टॉपवॉच डोकावत होतं.

हे स्टॉपवॉच म्हणजे त्यांची नोकरी. मलकपेठच्या रेसकोर्सवर पहाटे घोड्यांचा सराव चालतो. कोणता घोडा किती मीटर किती सेकंदांत धावला ते टिपायचं आणि रेसच्या एका साप्ताहिकाला कळवायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. तबेल्यातले लोक त्यांना ‘घडीवाले साब’ म्हणत. हिवाळ्यात धुकं इतकं असायचं की घोड्याचा रंगही कळायचा नाही, पण प्रतापराव नुसत्या चालीवरून, टापा कशा पडतात त्यावरून, कोण येतंय ते दोनशे मीटरवरून सांगायचे. ते कधी चुकल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी साप्ताहिक बंद पडलं. घड्याळ राहिलं, जाग राहिली, समोरून धावणारं काही राहिलं नाही. मग त्यांनी घर मोजायला घेतलं. कुकरची शिट्टी, दूधवाला, सकाळची आरती आणि मी. उरलेल्या वेळात फेऱ्या. जेवताना ताटावरून दोनदा तरी उठायचे. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की आपल्यालाच उगाच कुठेतरी जायचं राहून गेल्यासारखं वाटायचं.

त्यांच्या पत्नी इंदुताई या फेऱ्यांकडे पंख्याच्या आवाजाइतकंच लक्ष देत. त्यांचा जीव फोनमध्ये अडकला होता. कामं करता करता त्या एका ॲपवर ऐकायच्या गोष्टी ऐकत, आणि त्याही एका खास जातीच्या. नायक दिवसा मोठ्या कंपनीचा मालक, पौर्णिमेला लांडगा. नायिका त्याच्याच ऑफिसात कामाला. एकदा मेथी निवडताना त्यांनी मला अख्खी गोष्ट सांगितली आणि शेवटी नाक मुरडलं. लांडगा कुणी बघितलाय इथं, म्हणाल्या. घोडा चालला असता. घोड्याचा वास तर माझ्या धुण्यात होता, एकतीस वर्षं.

मी हसण्यावारी नेलं, पण त्यांनी नेलं नव्हतं. त्या ॲपवर मराठीत स्पर्धा निघाली होती. रूप बदलणारा नायक, प्रेमकथा, सहा प्रकरणं, पंधरा हजार शब्द, दोन महिने. इंदुताईंचं शिक्षण तेलुगू शाळेत झालेलं. मराठी घरात बोलायची. लिहायला घेतली की एका ओळीला पाव तास जायचा. तेव्हा त्या सांगणार आणि मी लॅपटॉपवर उतरवून घेणार असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला आठवत नाही. मी तर नाही. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आमची बैठक बसू लागली, आणि बाहेर व्हरांड्यात चौदा पावलं, वळण, चौदा पावलं.

नायकाचं नाव रितेश, नायिकेचं रेणू. रितेश पहाटे घोडा होतो आणि सूर्य वर आला की घामेजलेला माणूस होऊन घरी येतो. हे मला आवडलं. पण पहिलं प्रकरण संपायच्या आत इंदुताईंनी दोघांचं लग्न लावून टाकलं. मी बोटं थांबवली. इतक्या लवकर? त्यांनी मला समजावलं की लग्न झाल्याशिवाय दोघं एका खोलीत येणार कशी, आणि एका खोलीत आल्याशिवाय एकमेकांना आवडणार कशी. त्यांनी स्वतः प्रतापरावांना उदगीरला मामाच्या घरी पोहे देताना अकरा मिनिटं पाहिलं होतं (हा आकडा अर्थातच प्रतापरावांचा) आणि एकोणिसाव्या दिवशी अक्षता पडल्या होत्या. मी एका माणसाशी पावणेदोन वर्षं नुसती मेसेजवर बोलून शेवटी काहीही न होता थांबले होते. त्यामुळे या विषयावर फार तोंड वाजवण्याची माझी पात्रता नव्हती.

ॲपच्या संपादक बाईंना मात्र ती पात्रता होती. पहिलं प्रकरण पाठवल्यावर त्यांचं उत्तर आलं की कल्पना छान, वेग साफ चुकलाय. पहिल्या प्रकरणात भेट, दुसऱ्यात ओढ, चौथ्यात दुरावा, सहाव्यात मीलन. लग्न शेवटी. नातं हळूहळू फुलू द्या. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. इंदुताई काही बोलायच्या आत व्हरांड्यातून आवाज आला की त्या बाई बरोबर म्हणतात. प्रतापराव दारात आले. त्यांचं म्हणणं, पहिले दोनशे मीटरच बारा सेकंदांत गेलेला घोडा शेवटच्या चारशेला झोपतो. घोडा धरून ठेवायचा असतो, शेवटी सोडायचा असतो. एवढं सांगून ते परत फेऱ्यांवर गेले. खरं सांगते, प्रेमकथेच्या रचनेबद्दल यापेक्षा शहाणं मी पुढेही कुणाकडून ऐकलं नाही.

पण इंदुताई हटल्या नाहीत. लग्न पहिल्याच प्रकरणात राहील, कारण धरून ठेवायची गोष्ट लग्न नाहीच, असं त्या म्हणाल्या. मग कोणती, ते त्यांनी तिसऱ्या प्रकरणात सांगितलं.

त्या रविवारी त्यांनी भाजी घेतली नव्हती. हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. तिसऱ्या प्रकरणात रितेशनं रेणूला ओळखायचं, हे या प्रकारच्या गोष्टींत ठरलेलं असतं. हजार माणसांत नायकाला आपली जोडीदारीण वासावरून, पावलावरून कळते. इंदुताईंनी रेणूला पहिल्या दिवाळीला माहेरी पाठवलं आणि परत आणलं. गौलीगुड्याचा बसस्टँड, जुनी पत्र्याची अवाढव्य शेड. रेणूनं आईनं दिलेलं नवं हिरवं लुगडं नेसलंय, डोक्यावर पदर, हातात फराळाचा डबा. रितेश तिला न्यायला आलाय. तो तिच्या समोरून जातो. परत येतो, परत समोरून जातो. तिसऱ्यांदा तर इतक्या जवळून की तिला त्याच्या शर्टाला लागलेला घोड्याचा वास येतो. तिला वाटतं हाक मारावी. मग वाटतं, बघू तरी. आणि तो निघून जातो. रेणू सायकलरिक्षा करून एकटी घरी जाते.

मी टाइप करत होते आणि माझ्या लक्षात आलं की काहीतरी बदललंय. बाहेरची पावलं थांबली होती.

इंदुताईंना ते कळलं नाही, किंवा कळलं असेल. त्या त्याच सपाट आवाजात पुढे सांगत होत्या. घरी गेल्यावर रितेश म्हणतो की तू त्या बसमध्ये नव्हतीस. रेणू म्हणते, नव्हते, मागच्या बसनं आले. आणि जेवायला वाढते.

“एवढंच,” त्या म्हणाल्या. “इथं संपव.”

दोन दिवसांनी ऑफिसातून येताना जिन्यात प्रतापरावांनी मला गाठलं. हातात जुनी, पिवळी पडलेली वही. हा माणूस एका जागी उभा राहत नाही हे ठाऊक असल्यानं मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि ते दोन पायऱ्या चढत, दोन उतरत बोलले. त्यांनी विचारलं की गोष्टीतली ती बाई रिक्षानं गेली, ते खरं आहे का. मी म्हटलं, तुम्हीच विचारा त्यांना. ते म्हणाले की विचारायची हिंमत होईना. मग वही उघडून दाखवली. तारीख तीच, एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतरची. हजार मीटर एक मिनिट सहा सेकंद, शेवटचे सहाशे मीटर एकोणचाळीस सेकंदांत, सहज धाव.

“ही तांबडी घोडी मला अजून दिसते,” ते म्हणाले. “पुढच्या डाव्या पायाला पांढरा मोजा. धुकं होतं, तरी ओळखली मी. आणि त्याच दिवशी दुपारी बायको ओळखू नाही आली. वही सगळी बघितली बेटा, सगळ्या वह्या बघितल्या. इंदू कुठंच नाही.”

मला त्यांची दया आली आणि रागही आला. चौतीस वर्षं एका बाईनं ही गोष्ट गिळून स्वयंपाक केला होता. मी फटकन म्हटलं की वह्यांत घोडेच असणार, इंदुताई कुठून येतील. ते दोन पायऱ्या चढले, दोन उतरले.

त्याच सुमाराला संपादक बाईंचं पत्र आलं. लग्नाचं त्यांनी मोठ्या मनानं चालवून घेतलं होतं, पण तिसरं प्रकरण नाही म्हणजे नाही. नायकानं नायिकेला ओळखलंच नाही तर ऐकणारे गोष्ट तिथंच सोडून जातील. एकतर हे बदला, नाहीतर चौथ्या प्रकरणात असा प्रसंग द्या की तो तिला आवडला हे पटेल. नुसतं एकत्र राहणं म्हणजे प्रेम नव्हे, असंही एक वाक्य होतं. इंदुताईंनी ते दोनदा वाचायला लावलं.

पुढचे दोन रविवार चौथं प्रकरण आलंच नाही. इंदुताई बसायच्या, सुरुवात करायच्या, थांबायच्या. रेणूला रितेश पहिल्यांदा कधी आवडला, एवढाच प्रश्न होता. त्यांनी पोरांची आजारपणं आठवून पाहिली, सासू गेली तेव्हाचं आठवलं. तेव्हा प्रतापरावांनी काय केलं, मी विचारायचे. “केलं की सगळं,” त्या म्हणायच्या. “डॉक्टर आणला, औषध आणलं. पण उभ्या उभ्या. मी काय म्हणायले कळतंय का तुला? माणूस समोर असायचा आणि निघालेला असायचा.” मग एका रविवारी त्यांनी लॅपटॉपच बंद करायला सांगितला. “मला तो प्रसंग सापडेना. नसेलच तर कुठून आणू? लिहून पाठव त्या बाईला, गोष्ट तिसऱ्यातच संपली.”

व्हरांड्यात पावलं चालू होती, पण चौदाची बारा, बाराची नऊ झाली होती. ते स्वयंपाकघराच्या दाराच्या अधिकाधिक जवळ राहत होते. प्रतापरावांनी सगळं ऐकलं. त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. जिन्यात मला रोज एकच प्रश्न, चौथं लिहिलं का. बायकोनं गोष्ट तिसऱ्या प्रकरणात संपवली तर आपलाही निकाल लागला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि मला ते चूक म्हणता येईना. दुसरीकडे त्यांनी एक नवाच उद्योग सुरू केला. इंदुताई अंगणातून तुळशीकडे निघाल्या, गच्चीवर गेल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या, की हे खिडकीत. इंदुताई वैतागल्या. “काय टकमका बघायलेत हे, रस्त्यात चालायची लाज वाटायली मला,” असं त्यांनी माझ्याकडे गाऱ्हाणं केलं.

स्पर्धेची मुदत आठ दिवसांवर आली असताना इंदुताई बहिणीकडे उदगीरला गेल्या. चार दिवसांनी परत येणार होत्या. आदल्या दिवशी प्रतापरावांनी त्यांना फोन केला आणि माझ्यासमोर सांगितलं की मी न्यायला येतो, चौकशीच्या खिडकीपाशी थांबतो. पलीकडून हौ, या, एवढंच आलं. मग मला म्हणाले, तू पण चल. कशाला, मी विचारलं. ते म्हणाले की घोड्याची वेळ घेताना दुसरा माणूस साक्षीला लागतो.

जुनी पत्र्याची शेड आता नाही. बस पलीकडच्या मोठ्या स्टँडवर लागतात, मलकपेठहून मेट्रोनं एकच स्टेशन. शनिवारची संध्याकाळ, लग्नसराई, पाय ठेवायला जागा नाही. चौकशीच्या खिडकीशेजारी एक खांब होता. त्याला पाठ लावून प्रतापराव उभे राहिले.

उभे राहिले म्हणजे उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पायावरून पायावर होणं नाही, खिसा चाचपणं नाही. बस उशिरा आहे असं कळलं तरी मान हलली नाही. अर्ध्या तासानं मलाच अस्वस्थ वाटायला लागलं आणि मी त्यांना बरं नाही का म्हणून विचारलं.

“घोडा बघायचा तर आपण हलायचं नाही,” ते समोरची नजर न काढता म्हणाले. “हललं की धुक्यात चुकतो. रेसकोर्सवर दोन-दोन तास असा उभा राहायचो मी.”

घरातल्या फेऱ्यांचं मूळ मला तेव्हा कळलं. सगळा थांबणारा माणूस तिकडे खर्च होत होता आणि उरलेला घरी येत होता. नोकरी गेली तरी घरी उरलेलाच राहिला.

बस लागली ती पार शेवटच्या फलाटाला. दारातून माणसं आणि बोचकी एकदमच बाहेर पडली. मला नुसती गर्दी दिसत होती.

“ती बघ,” प्रतापराव म्हणाले. “उजवं पाऊल जरा बाहेर पडतं. सहा पावलं टाकली की पदर सावरते, मग चाल मोडते, मग परत धरते. पिशवी डाव्या हातात आहे.” त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं. मी टाचा उंचावून पाहत राहिले. बऱ्याच वेळानं मला एक जांभळी साडी दिसली, आणि त्यात खरोखरच इंदुताई होत्या. पिशवी डाव्या हातात. मला हसू आवरेना. मी हात वर करून हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. “येऊ दे. शेवटपर्यंत येऊ दे.”

इंदुताई आल्या. चौकशीच्या खिडकीपाशी थांबल्या. इकडेतिकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, प्रतापरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे गेल्या.

त्या पंधरा-वीस पावलं जाऊन वळल्या, परत आल्या, परत आमच्या समोरून गेल्या. मी गर्दीत खांबाच्या आडबाजूला ढकलली गेले होते, त्यामुळे मी दिसत नव्हते. पण ते दिसत होते. नवराच होता, नेहमीचाच पांढरा शर्ट, चार हातांवर. प्रतापरावांच्या चेहऱ्याकडे पाहायची मला भीती वाटली. पाहिलं तर डोळ्यांत पाणी होतं आणि मनुष्य जागचा हलला नव्हता.

“इंदू,” ते म्हणाले.

त्या गर्रकन वळल्या. त्यांना पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी चोरी पकडली.

“तुम्ही इथंच होता?”

“पन्नास मिनिटं.”

“मग मी…” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “मी फेऱ्या मारणारा माणूस बघायले होते. असं उभं राहिलेलं तुम्हाला मी कधी बघितलंच नाही.”

माणसं आम्हाला धक्के मारून जात होती. एक हमाल ओरडून गेला. प्रतापरावांनी घड्याळ थांबवलं आणि खिशात टाकलं, वेळ न बघता.

“तेव्हा तू मागच्या बसनं आली नव्हतीस,” ते म्हणाले.

“नव्हते.”

“मला नाही ओळखू आली तू. आज बसमधून उतरलीस आणि ओळखली.”

इंदुताईंनी पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्यांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. खाली वर, सावकाश, एखादं नवीन माणूस पाहावं तसं. ते अकरा मिनिटांपेक्षा नक्की कमी होतं, पण मोजायला कुणी नव्हतं.

“तुम्ही तीनदा गेला होता समोरून,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझं दोनदाच झालं. एक बाकी आहे.” आणि पिशवी त्यांच्या हातात देऊन मेट्रोच्या जिन्याकडे चालू लागल्या. प्रतापराव त्यांच्या मागे न धावता तिथंच उभे राहून त्यांची चाल बघत राहिले. जिन्याशी पोचल्यावर इंदुताईंनीच मागे वळून चला की म्हणून खुणावलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी लॅपटॉप घेऊन खाली गेले. व्हरांड्यात आवाज नव्हता. प्रतापराव स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभे होते आणि इंदुताई त्यांच्याकडे पाठ करून गवारी मोडत होत्या. “चौथं घे,” त्या म्हणाल्या आणि पहिलं वाक्य सांगितलं: रितेश उभा होता, म्हणून रेणूनं त्याला ओळखलं नाही. मग त्या थांबल्या, आणि मागे न बघता म्हणाल्या, “आता हा तिला आवडला, असं लिही.”

संपादक बाईंनी कळवलं की वेग अजूनही चुकलेलाच आहे. इंदुताईंनी उत्तर द्यायला लावलं नाही. प्रतापराव अजूनही पहाटे पावणेचारला कडी काढतात, आणि मला अजूनही तितकाच राग येतो.